परतीच्या पावसानंतर उजनीच्या फुगवट्यावर गळ टाकताना

नवरात्र संपत आलं की फुगवट्याचं, म्हणजे धरणामागे पसरलेलं, पाणी निवळायला लागतं आणि गळाचा नाद असलेल्या मंडळींचे एकमेकांना फोन सुरू होतात. "चालू झालं का?" चालू झालेलंच असतं. अडतं ते पुढे. दसऱ्याला ज्या काठावर तासाभरात पिशवीभर चिलापी निघाली, त्याच काठावर दिवाळीनंतर दिवसभर बसून साधी टोच लागत नाही. मग कुणी कणकेत हिंग वाढवतो, कुणी नवा गळ बांधतो. आमिषाचा त्यात फारसा दोष नसतो. पाणी दोन हात उतरलेलं असतं आणि मासा त्याच्यासोबत निघून गेलेला असतो.

पावसाळा संपल्यापासून थंडी जम धरेपर्यंतच्या या दोन-अडीच महिन्यांत आधी पाणी वाचायचं, मग आमिषाचा विचार करायचा. पातळी, रंग आणि वारा या तीन गोष्टी रोज बघणारा माणूस साध्या कणकेवर मासा काढतो. इथे मी उजनी धरून लिहितोय, कारण सोलापूर-पुण्याकडच्या बहुतेकांना तेच जवळ पडतं. पण पाझर तलाव असो की मराठवाड्यातलं मध्यम धरण, पद्धत तीच.

आधी परवानगी

हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून लवकर उरकू. मोठ्या जलाशयांतल्या मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांना किंवा ठेकेदाराला दिलेला असतो. काठावर जाऊन बसण्याआधी गावातल्या संस्थेत किंवा बोटीवरच्या माणसाकडे चौकशी करा. हौसेने एक-दोन गळ टाकणाऱ्याला सहसा कुणी आडवं येत नाही, पण विचारलेलं बरं असतं आणि विचारलं की जागाही कळते. भिंतीजवळ, सांडव्याजवळ, पाणी उपसण्याच्या विहिरीजवळ बसायचं नाही. तो बंदीचा भाग असतो आणि तिथे पाण्याला ओढही असते. कोयनेसारख्या ठिकाणी जलाशयाचा बराच भाग अभयारण्यात येतो, तिथे गळाची पिशवी गाडीतून काढूसुद्धा नका.

काठावर जाळं विणत बसलेला माणूस दिसला की "काय लागतंय?" असं विचारू नका. त्याला हा प्रश्न दिवसातून दहा जण विचारतात. "मामा, पाणी किती उतरलं?" असं विचारा. "कालच्याला दोन हात मागं गेलंय बघा, त्या बाभळीपर्यंत होतं परवा," एवढं एक वाक्य मिळालं तरी अर्धं काम झालं.

पातळी: पेपरातला टक्का वाचायला शिका

भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातला साधारण ६३ टीएमसी मृतसाठा (तळाचा, सहज सोडता न येणारा) आणि ५३ च्या आसपास उपयुक्त साठा. पेपरात रोज येणारा टक्का या उपयुक्त साठ्याचा असतो. म्हणून तर धरण कधी १०० टक्क्यांच्या वर दिसतं आणि उन्हाळ्यात उण्यात जातं.

गळ टाकणाऱ्याच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. शून्य टक्के आणि शंभर टक्के यांच्यात पाण्याची उंची फक्त सहा मीटरच्या आसपास बदलते. धरण उथळ, पसरट. भिगवण, पळसदेव, कुगाव या भागात काठाचा उतार इतका मंद आहे की उंचीत वीतभर फरक पडला तर पाण्याची कड कितीतरी पावलं आत सरकते. मुळशी किंवा पानशेतसारख्या डोंगरातल्या धरणात वीतभर म्हणजे वीतभरच. म्हणून तिथे एकच जागा महिनाभर चालते, उजनीत चालत नाही.

पाणी काठोकाठ असतं तेव्हा, म्हणजे साधारण सप्टेंबरअखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, उन्हाळ्यात गाळपेर केलेल्या, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरलेल्या, जमिनी पाण्याखाली असतात. बुडालेली धाटं, गवत, बांध, वेड्या बाभळीची झुडपं. तिथे किडे, गोगलगायी, सडणारा पाला असं सगळं आयतं असतं. मासा अगदी कडेला, कमरेएवढ्या पाण्यात येऊन चरतो. या दिवसांत लांब गळ भिरकावणारे लोक माशाच्या डोक्यावरून गळ टाकत असतात. काठापासून पंधरा-वीस फुटांवर, बुडालेल्या बांधाच्या कडेने टाका. आणि काठावर पाय आपटत चालू नका, एवढ्या उथळ पाण्यात मासा पावलांना भितो.

रब्बीचं आवर्तन (शेतीसाठी कालव्याचं पाणी) सुटलं किंवा नदीत पाणी सोडलं की पातळी घसरायला लागते. घसरण सुरू झाल्याचा पहिला दिवस फार वाईट. मासा उथळ भागात कोंडलं जाण्याच्या भीतीने मागे सरतो आणि दोन-तीन दिवस नीट खात नाही. पातळी स्थिरावली, किंवा रोज सारखीच उतरायला लागली, की तो पुन्हा चरतो, पण आता पहिल्या खोल उतारावर. तो उतार म्हणजे बहुतेक ठिकाणी जुन्या ओढ्याची कड किंवा जुना रस्ता.

घसरण सुरू आहे की नाही हे पेपराशिवायही कळतं. काठावर एक काडी पाण्याच्या अगदी कडेला रोवा आणि चहा पिऊन या. ओल्या चिखलावर अजून न सुकलेला चकाकता पट्टा रुंद होत असेल तर पाणी उतरतंय. आणि त्या चिखलात जेवणाच्या ताटाएवढे गोल खड्डे ओळीने दिसले, तर ती चिलापीच्या नरांनी केलेली घरटी. ते खड्डे जिथे पाण्यात शिरतात, त्या रेषेवर अजूनही चिलापी असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. तळ्यातला याहून चांगला नकाशा मला माहीत नाही.

खरा नकाशा मात्र मे महिन्यात काढायचा असतो. पाणी आटलं की पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं, तेव्हा लोक फोटो काढायला जातात. तुम्ही जुने बांध, विहिरी, ओढ्याची वळणं, दगडी रस्ते यांचे फोटो काढा आणि मोबाईलच्या नकाशावर खुणा करून ठेवा. ऑक्टोबरमध्ये त्या खुणेवर उभं राहिलं की समोरच्या सपाट पाण्याखाली काय आहे ते तुम्हाला माहीत असतं, शेजाऱ्याला नसतं.

रंग: हात बुडवून बघा

मत्स्यशेतीवाले तळ्यावर जी चाचणी करतात, तीच इथे करायची. बाही वर सारा, हात सरळ पाण्यात घाला, तळवा दिसेनासा कधी होतो ते बघा. मनगट बुडतानाच तळवा नाहीसा झाला आणि पाणी तांबूस-मातकट असेल, तर गाळ अजून बसलेला नाही. मासा डोळ्याने शोधत नाही, वासाने शोधतो. गांडूळ, शेंगदाणा पेंड, हिंग लावलेली कणिक असली वासाची आमिषं चालतात, नकली चमचे आणि लूअर (माशासारखी दिसणारी नकली आमिषं) व्यर्थ. कोपरापर्यंत बुडाल्यावर तळवा धूसर झाला आणि पाण्याला हिरवट झाक असेल, तर उत्तम. पाण्यात सूक्ष्म खाद्य भरपूर, कटला-रोहू अंगावर आलेले, आणि आपला गळही त्यांना उघड दिसत नाही. दंड बुडेपर्यंत बोटं मोजता येत असतील तर पाणी फार नितळ; बारीक तंगूस (गळाची नायलॉनची दोरी), लहान गळ, सावलीत बसणं आणि संधिप्रकाशाची वेळ साधणं भाग आहे.

चौथा रंग उजनीवाल्यांना चांगला परिचयाचा आहे. रंग कालवल्यासारखं हिरवंगार पाणी आणि काठावर साय. मुळा-मुठेतून येणारं पुणे शहराचं सांडपाणी भीमेमार्गे इथेच येऊन थांबतं, त्यातल्या खतामुळे शेवाळ माजतं. हे शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्री तोच ओढून घेतं. त्यामुळे अशा आडोशाच्या पाण्यात सूर्योदयाच्या सुमाराला ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. मासे तोंड वर काढून हवा घेताना दिसतात, आणि नवख्याला वाटतं, अरे वा, किती मासा उठलाय! तो मासा खात नसतो, गुदमरत असतो. त्याच्या तोंडापाशी काहीही नेऊन टाका, घेणार नाही. तिथून उठा आणि वाऱ्याच्या उघड्या काठावर जा, किंवा नऊ वाजेपर्यंत पोहे खा.

"पहाटे गेलं की मासा मिळतो" हे जे सरसकट सांगितलं जातं ते म्हणूनच अर्धवट खरं आहे. उघड्या, लाटा असलेल्या काठावर पहाट उत्तम. जलपर्णीने वेढलेल्या हिरव्या आडोशात ऊन वर येईपर्यंत काही होत नाही, आणि संध्याकाळी साडेचारपासून अंधार पडेपर्यंतची वेळ कुठेही भरवशाची. ऑक्टोबर हीटच्या भर दुपारी मात्र घरी झोपा. समुद्रसपाटीला ३० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच ऑक्सिजन विरघळू शकतो, २० अंशांना तो नऊच्या वर असतो. तापलेल्या उथळ पाण्यात मासा थांबत नाही.

वारा

पावसाळाभर वारा पश्चिमेकडून असतो. मोसमी पाऊस परतला की तो पडतो, काही दिवस नुसती घुसमट, आणि मग पूर्वेकडून, ईशान्येकडून येऊ लागतो. पावसाळ्यात ज्या काठावर लाटा आपटत होत्या तो काठ आता शांत होतो आणि समोरचा काठ चालू होतो. पाण्यावरचं हलकं खाद्य वारा ढकलत नेतो, त्यामागे लहान मासळी, तिच्यामागे मोठा मासा. म्हणजे नोव्हेंबरच्या सकाळी वारा पाठीवर घेऊन आरामात बसण्यापेक्षा तोंडावर घेऊन बसावं. गळ टाकायला त्रास होतो, मान्य. पण लाटेने तरंगाही (टोच कळायला तंगुसाला बांधलेली तरंगती काडी) जिवंत दिसतो, आमिष हलतं आणि काठावरची आपली सावली माशाला दिसत नाही.

पाणकावळ्यांचा थवा एका दिशेने बुड्या मारत सरकत असेल तर खाली लहान मासळीचा घोळका सरकतोय. थव्याच्या मागे न धावता पुढे जाऊन बसायचं.

सामान

चिलापीसाठी बारा-पंधरा फुटांची बांबूची किंवा दुमडती काठी पुरते, रीळ लागत नाही. ०.२५ मिलिमीटरचं तंगूस, आठ किंवा दहा नंबरचा गळ (नंबर वाढला की गळ लहान होतो, हे दुकानात आठवणीत ठेवा), ज्वारीच्या दाण्याएवढं शिसं आणि मोरपिसाच्या काडीचा तरंगा. बाजारातले जाडे लाल-पांढरे प्लास्टिकचे तरंगे चिलापीच्या नाजूक टोचेला हलतसुद्धा नाहीत.

रोहू, मृगळ, सायप्रिनस (कॉमन कार्प) यांच्यासाठी आठ ते दहा फुटांची काठी, मध्यम रीळ, ०.३० चं तंगूस, चार ते सहा नंबरचा गळ. कटला आणि शिंगाळा (मिशा आणि काटे असलेला मासा) यांच्यासाठी ०.३५ चं तंगूस आणि एक नंबर किंवा त्याहून मोठा गळ. रिळाचा ड्रॅग, म्हणजे ओढ वाढली की तंगूस सुटू देणारा पेच, घरीच बसवा. तंगूस ज्या ताकदीला तुटतं, त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाच्या ओढीला तो सुटला पाहिजे. काठावर मासा लागल्यावर ड्रॅगची चावी फिरवणारे बहुतेकदा उलटीकडे फिरवतात.

स्प्रिंगभोवती कणिक थापून चार-सहा गळ लोंबत ठेवायची पद्धत आपल्याकडे फार चालते. मासा लागतो, नाकारत नाही. पण निम्म्या वेळा तो पोटात, डोळ्यात, कल्ल्यात अडकतो, आणि लहान असला तरी सोडून द्यायच्या लायकीचा उरत नाही. दोन गळ ठेवा. मासे फार कमी होत नाहीत.

हातजाळी विसरू नका. किलोभराच्या वरचा मासा तंगूस धरून उचलायला गेलात की तो पाण्यात आणि गळ तुमच्या हातात.

जागा मोजून घेणं

बसलात की लगेच आमिष लावू नका. नुसतं शिसं बांधून पंख्याच्या आकारात आठ-दहा ठिकाणी टाका. शिसं पाण्यावर आपटल्यापासून तंगूस सैल पडेपर्यंत मनात आकडे मोजा. आकडा म्हणजे किती फूट याची चिंता नको. चार, चार, पाच, आणि मग एकदम आठ आला, तर तिथे कड आहे. शिसं ओढून आणताना काठीच्या टोकाला खडखड जाणवली तर दगड-मुरूम, चिकटून मग सुटल्यासारखं झालं तर गाळ, हलकीशी लवचिक अडक म्हणजे गवत. कडेच्या वरच्या बाजूला, मुरूम आणि गाळ जिथे भेटतात तिथे, चारा (मासा गोळा करायला पाण्यात टाकायचं खाद्य) टाकायचा.

चारा आणि आमिष

अर्धा किलो गव्हाचा कोंडा, पाव किलो शेंगदाणा पेंड (रात्रभर भिजवलेली), मूठभर भाजलेलं बेसन, सुपारीएवढा गूळ. पाणी तलावाचंच घ्या आणि थोडं थोडं घाला. लिंबाएवढा गोळा करून आधी काठाजवळच्या उथळ पाण्यात टाकून बघा. पाच-सात मिनिटांत तो भुसभुशीत होऊन पसरला पाहिजे. दगडासारखा राहिला तर कोंडा वाढवा, पाण्यावर आपटताच फुटला तर पेंड वाढवा. सुरुवातीला सहा-सात गोळे, मग अर्ध्या तासाला एक. बादलीभर चारा एकदम ओतणारा माणूस माशाला जेवू घालून घरी पाठवतो.

गळावरची कणिक वेगळी मळायची. चपातीच्या कणकेपेक्षा थोडी घट्ट, त्यात भाजलेलं बेसन, चिमूटभर हिंग आणि पिंजलेल्या कापसाचे विरळ धागे. कापसामुळे कणिक गळावरून लवकर सुटत नाही, आणि लहान चिलाप्या कुरतडत असल्या तरी टिकते. कापूस जास्त झाला तर उलटं होतं, झटका दिला तरी गळाचं टोक बाहेर येत नाही. बोटाने दाबून बघा, टोक सहज बाहेर आलं पाहिजे.

गांडूळ शेणखताच्या उकिरड्याखालचं. अख्खं घालून शेपूट थोडं मोकळं हलतं ठेवलं की शिंगाळा, वाम, मृगळ सगळे घेतात. पाणी निवळल्यावर मात्र गांडुळावर नखाएवढ्या चिलाप्या तुटून पडतात आणि दुसरं काही लागूच देत नाहीत. तसं झालं की कणकेवर किंवा उकडलेल्या मक्याच्या दाण्यावर या.

कोणत्या थरात? तोंडाकडे बघा, उत्तर मिळतं. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरातलं सूक्ष्म खाद्य गाळून खातो. त्याच्यासाठी आमिष तळाला टाकून उपयोग नाही. तरंग्याखाली तीन-चार फुटांवर हलका, चटकन विरघळणारा पाव-बेसनाचा गोळा. रोहूचे ओठ झालरीसारखे, तो मधल्या थरात. मृगळ आणि सायप्रिनस तळाशी. तळातून बारीक बुडबुड्यांची सरकती रेघ वर येताना दिसली तर सायप्रिनस गाळ उकरतोय. रेघ ज्या दिशेने चालली आहे तिच्या दोन हात पुढे आमिष अलगद सोडा.

टोच

चिलापी टुकटुक करते, तरंगा थरथरतो, आणि मग तिरका सरकतो. सरकला की मनगटाने हलका झटका. रोहू आधी दोन-तीनदा चाखून जातो, तरंगा गोल तरंग सोडत नाचतो, पण बुडत नाही. हात शिवशिवतात, पण थांबा. पुढच्या वेळी तो स्थिर ओढ घेऊन निघतो, तेव्हा झटका. कटला पुष्कळदा काहीच दाखवत नाही, तरंगा जरा जड झाल्यासारखा खाली बसतो, एवढंच. त्याच्या तोंडाची कड नाजूक, जोरात हिसका दिला की फाटते. काठी उचलून ताण धरायचा, बस.

आणि एक फसवी टोच. तरंगा बुडायच्या ऐवजी वर येतो आणि आडवा पडतो. नवखा माणूस शिसं सुटलं समजून ओढून घेतो. तळातल्या माशाने आमिष शिशासकट उचललेलं असतं, त्याच क्षणी झटका द्यायचा.

मोठा मासा लागल्यावर पहिली धाव त्याची. ती होऊ द्या, ड्रॅग वाजू द्या. काठी उभी आणि किंचित बाजूला धरा. तो झुडपांकडे निघाला तर काठी उलट्या बाजूला पाण्यालगत झुकवून त्याचं डोकं वळवा. जाळी आधीच पाण्यात बुडवून ठेवा आणि मासा जाळीवर आणा. जाळी माशावर मारू नका, शेवटची उसळी तो तेव्हाच घेतो.

मरळ

मरळीचं सगळंच निराळं. ती हवा घ्यायला पाण्यावर येते, म्हणून ऑक्सिजन कमी असलेल्या शेवाळी डबक्यातही खुशाल राहते. फुगवट्यातून तुटलेली डबकी, ओढ्याचे कोपरे, पानकणसाची बेटं, जलपर्णीच्या फटी या तिच्या जागा. ऊन तापलेली सकाळ, नऊ ते अकरा, तिची आवडती. एका जागी शांत उभं राहून पाणी बघा. 'बुळुक' असा आवाज येऊन तेलकट वर्तुळ उमटलं की ती तिथेच आहे, आणि काही मिनिटांनी पुन्हा तिथेच कुठेतरी वर येईल.

इथे रबरी बेडूक आणि गवतात न अडकणारा दुहेरी गळ चालतो. तंगूस नको, वेणीचा जाड दोरा हवा, कारण लागल्याबरोबर ती गवताच्या मुळात घुसते. बेडूक वर्तुळाच्या पलीकडे टाकून थांबत-थांबत आणा. पाणी फुटून ती बेडूक घेते तेव्हा लगेच ओढू नका. दोन अंक मोजा, दोरा ताणला जाऊ द्या, मग जोरात झटका, आणि सरळ बाहेर. इथे ड्रॅग वगैरे लाड नाहीत.

पाण्यावर तांबूस-केशरी पिलांचा गोळा खदखदताना दिसला तर तिथे बेडूक टाकू नका. खाली आई-बाप राखण करत असतात आणि चिडून हमखास पकडतात. ते गेले की चिलाप्या तासाभरात पिलं संपवतात. काही लोक मुद्दाम असे गोळे शोधत फिरतात. त्यांच्याशी वाद घालून मी दमलोय, पण मत बदललेलं नाही.

थंडी पडल्यावर

दिवाळीनंतर रात्री गार होऊ लागतात. वरचं पाणी गार होऊन जड होतं, खाली बसतं आणि खालचं वर येतं. उजनीच्या पसरट भागात वाराच पाणी ढवळत राहतो, त्यामुळे हा बदल हळूहळू होतो. डोंगरातल्या खोल धरणांत मात्र तो ठळक जाणवतो. एखाद्या सकाळी पाणी काळपट, किंचित कुजकट वासाचं, आणि सगळीकडे शांतता. चार-सहा दिवस जाऊ द्या. पाणी एकसारखं झालं की मासा वर-खाली सगळीकडे पसरतो.

त्यानंतर वेळापत्रक उलटं करा. पहाटेच्या कडाक्यात बसण्यात अर्थ नाही. दहा ते तीन, उन्हात तापणारा, गडद गाळाचा, वारा न लागणारा काठ. पाणी वीस-बावीस अंशांकडे गेलं की चिलापी आणि कटला मंदावतात. सायप्रिनस तुलनेने गारवा सोसतो, म्हणून डिसेंबरात भर त्याच्यावर. गळ एक नंबर लहान, आमिष अर्ध्या आकाराचं, चारा निम्मा, आणि दोन टोचांमध्ये धीर दुप्पट.

जपून

परतीचा पाऊस दुपारी तीन-चारनंतर विजा घेऊन येतो. कार्बनची काठी वीज वाहून नेते. गडगडाट ऐकू आला की काठी आडवी टाकून तिच्यापासून लांब जा, एकट्या झाडाखाली थांबू नका. वरून जाणाऱ्या विजेच्या तारांखाली लांब काठी उभी करू नका.

उतरत्या पाण्याच्या काठावर वरून सुकलेला दिसणारा गाळ आत मांडीपर्यंत मऊ असतो. हातात काठी, प्रत्येक पाऊल चाचपून. रुतलात तर उभं राहून धडपडू नका, मागे बसा, आडवे व्हा, पाय हळूहळू सोडवा. गवतात घोणस असते, घोट्याच्या वर येणारे बूट घाला आणि संध्याकाळी बॅटरी पायापुढे मारा.

होडीत बसायचं तर लाइफ जॅकेटशिवाय नाही, होडीवाला कितीही हसला तरी. २०२४ च्या मे महिन्यात कुगाव-कळाशी दरम्यान प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले. एवढं रुंद, उघडं पाणी काही मिनिटांत खवळतं.

शिंगाळ्याला पकडताना पाठीवरचा आणि कल्ल्यामागचे दोन काटे सांभाळा. ओल्या फडक्याने डोक्यामागून धरा. काटा घुसलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवला की ठणका कमी होतो. सूज वाढली तर दवाखाना.

मासा हातात आल्यावर

सोडायचा असेल तर हात ओले करून धरा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. गळ खोल गिळला असेल तर ओढू नका, तंगूस तोंडाजवळ कापा. खडस, म्हणजे महसीर, लागला तर फोटो काढून लगेच सोडा. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात सत्तरच्या दशकापासून त्याची पैदास करून नद्या-तलावांत पिलं सोडली जात आहेत, आणि तरीही तो विरळाच दिसतो.

उलट आफ्रिकी मांगूर किंवा काळा-चट्टेरी, अंगावर कवच असलेला सकर लागला तर तो पुन्हा पाण्यात टाकू नका. त्या मांगुराच्या पैदाशीवर देशात २००० सालापासून बंदी आहे, कारण तो दुसरी मासळी उरू देत नाही. सकर आता उजनीत जाळ्यात सर्रास येतो. तो खायलाही कुणी घेत नाही, काठापासून दूर खड्डा करून पुरा.

खायला ठेवलेला मासा पाण्यात दावणीला बांधून उन्हात ठेवण्यापेक्षा जागेवरच मारून, कल्ले आणि पोट काढून बर्फात घाला. हिरव्या पाण्यातली चिलापी चिखलट लागते, त्यात कातडीचा आणि पोटाच्या आतल्या काळ्या पडद्याचाही वाटा असतो. तो पडदा नखाने खरवडून पूर्ण काढा, कातडी सोला, मीठ-हळद चोळून अर्धा तास आंबट ताकात ठेवा, धुवा, मग मसाला लावा. फेस आलेल्या किंवा रसायनाचा वास मारणाऱ्या पाण्यातला मासा मात्र ताकाने सुधारत नाही, तो घरी आणूच नका.